रिपोर्टमध्ये नसलेली ओळ

मैत्रिणींनो, तिसऱ्या महिन्यात माझं बाळ गेलं, हे इथे सांगितलंच होतं. तेव्हा डॉक्टरांनी गर्भाचा तुकडा जनुकीय तपासणीसाठी पुण्याला पाठवला होता. आज संगमनेरला जाऊन रिपोर्ट आणला.

गुणसूत्रांत दोष होता. माझी काहीच चूक नव्हती, असं डॉक्टर म्हणाले.

स्कुटीवर फिरले म्हणून झालं, असं सासूबाई महिनाभर ऐकवत होत्या. घरी येऊन त्यांना सगळा रिपोर्ट समजावून सांगितला. त्यांनी ऐकून घेतलं. मग हळूच म्हणाल्या, "पोरगा हुता का पोरगी, लिव्हलंय का त्यात?"

"नाही आई. कायद्यानं तसं लिहीत नाहीत."

मला फार राग आला. पण खरं सांगते, दवाखान्याच्या पायरीवर पाकीट फोडलं तेव्हा मीही आधी तीच ओळ शोधली होती. तुम्ही शोधली नसती?