उद्घाटनाला उघडलेले प्रोसेसर

मागताक्षणी शक्ती मिळणे, हेच या युगाचे खरे वैभव होय. हे वाक्य आमच्या धान खरेदी संघाच्या अध्यक्षांनी बालाघाटच्या ऑफिसात, सर्व्हरला हार घालताना म्हटलं होतं. सर्व्हर मी सांभाळत होतो, त्यामुळे ते वाक्य मला पूर्ण ऐकावं लागलं.

त्या सर्व्हरमध्ये आठ प्रोसेसर होते आणि चालू होते चार. बाकीचे चार पेटीतच बसवलेले, पण बंद. कंपनीकडून परवाना घेऊन कोड टाकला, तरच ते जागे होत. खोली आमची, वीज आमची, एसीचा गारवा आमचा. प्रोसेसर मात्र कंपनीचे. एकदाच, काही आठवडे, ते फुकट वापरून पाहता येत. कोड टाकला की मुदत सुरू. मग मशीन काम करो की झोपा काढो. ती मुदत मी धानाच्या गर्दीसाठी राखून ठेवली होती.

उद्घाटनाच्या आदल्या दिवशी अध्यक्ष आले.

"चार बंद काहून आहेत? पाहुण्यायले अर्धी मशीन दाखवू काय?"

"साहेब, हे एकदाच भेटते. धान आल्यावर लागंल."

"धान आल्यावर पाहू ना. अभी चालू कर."

चालू केले. पाहुण्यांनी बटण दाबलं, टाळ्या झाल्या, पेढे वाटले गेले. मुदत संपली तेव्हा शेतात धान उभंच होतं.

डिसेंबरात खरेदी सुरू झाली आणि चार प्रोसेसरांचा दम निघाला. सर्व्हरवरून पर्ची, म्हणजे चिठ्ठी, निघाल्याशिवाय धानाचा तौल, म्हणजे वजन, नाही, आणि हाताने लिहिलेली पर्ची चालत नाही. किरनापुरकडची एक बाई सकाळपासून ट्रॉली घेऊन आवारात उभी होती. आभाळ भरून आलं होतं. ट्रॉलीवर ताडपत्री होती, तिला भोकं होती.

"भाऊ, कवा निघन माही पर्ची?"

"होऊन राह्यलं, बाई."

"सकाळपासून होऊनच राह्यलं."

मागून कोणीतरी म्हणालं, "मशीनले चाय पाजा रे कोणी!" सगळे हसले. ती हसली नाही. आभाळाकडे पाहत राहिली.

मी अध्यक्षांना फोन लावला. परवाना विकत घ्यायला त्यांची सही पुरेशी होती.

"असा विषय मीटिंगमधी घ्या लागते," ते म्हणाले. मागे कुठल्या तरी सत्काराचा बँड वाजत होता.

दुपारी पाऊस आला. पर्ची निघाली ती पाऊस थांबल्यावर. तौलवाल्याने ओलावा मोजायचं यंत्र धानात खुपसलं, आकडा पाहिला आणि नकारार्थी मान हलवली. बाई भांडली नाही. पर्ची माझ्या टेबलावर ठेवून ट्रॅक्टरवाल्याला ट्रॉली किरनापुरकडे वळवायला सांगितली.

मला शिसारी आली ती भिंतीवरचा फोटो पाहून. हार घातलेला सर्व्हर, शेजारी अध्यक्ष, मागे सर्व्हरची मोठी स्क्रीन. आठही प्रोसेसर चालू असल्याचा तो एकमेव पुरावा. त्या दिवशी त्यांच्यावर काम असं काहीच नव्हतं, म्हणून स्क्रीनवर मी एक मोठं घड्याळ लावलं होतं.

ते दहा मिनिटं मागे होतं.