डब्यातली मासोळी

जिन्याच्या खालच्या पायरीवर उभं राहून ती आधी नाकानं लांब श्वास ओढायची. मग वर न पाहताच विचारायची, "काय शिजून राहिलं वो?"

मी काहीही सांगितलं तरी तिचं पुढचं वाक्य ठरलेलं असे. "माझं घर हाये."

गोंदियाजवळ फुलचूरला तिच्या घराच्या वरच्या खोलीत मी भाड्यानं राहायचे. तिला सगळे काकू म्हणत, मीही म्हणायचे. दुरावलेल्या माणसाबद्दल चांगलं लिहावं असं म्हणतात, पण मला ते नीट जमेल असं वाटत नाही. मला ती आवडत नव्हती. तिलाही मी आवडत नव्हते, आणि ते ती लपवतही नव्हती.

आंघोळीला जरा वेळ लागला की खालून पाण्याचा कॉक बंद व्हायचा. मैत्रीण आली की तिच्या चपला फाटकाबाहेर जायच्या. गॅलरीत पुस्तक घेऊन बसले की अंगणातून आवाज यायचा, "पुस्तक वाचून राहिली का रस्ता वाचून राहिली?" अशा घरमालकिणी तुम्हीही पाहिल्या असतील. त्या मनानं वाईट नसतात असंही तुम्ही म्हणाल. मला तेव्हा तसं म्हणता येत नव्हतं, कारण माझं कॉलेज तिच्या हातात होतं.

आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच. चिचगडहून बाबा मला सोडायला आले, तेव्हा काकू त्यांना म्हणाली होती, "भाऊ, पोरीची जबाबदारी माझी." त्या एका वाक्यावर बाबा मला ठेवून गेले. जाताना एवढंच बोलले, "खोली सुटली का घरी यायचं." काकूनं ते ऐकलं होतं. भांडण झालं की ती म्हणायची, "लावू काय फोन तुया बापाले?"

काकू मासोळी खायची आणि आवडीनं खायची. पण आमच्याकडे बऱ्याच घरी असते तशी तिची मासोळीची चूल वेगळी होती, अंगणात, भिंतीच्या कडेला. भांडंही वेगळं. ते कधी उंबऱ्याच्या आत आलं नाही. घरातल्या गॅसवर मासोळी चढवायची नाही हा नियम मलाही होता, आणि मी तो पाळत होते.

माझा मावसभाऊ जवळच्या बिरसीला विमान चालवायला शिकणाऱ्या मुलांच्या मेसमध्ये कामाला होता. शिकून परत जाणारी मुलं खाण्याचे सीलबंद डबे मागे सोडून जात. ते तो मला आणून द्यायचा. काहींमध्ये मासोळी असे, काहींमध्ये उकडलेला राजमा. सकाळचे तास आणि दुपारचं प्रॅक्टिकल यांच्यामध्ये मी सायकलनं खोलीवर यायचे. तेवढ्यात काही शिजवणं व्हायचं नाही. मग मी राजम्याचं चिकट पाणी ओतून दाणे धुऊन घ्यायचे, त्यात मासोळीचे तुकडे कुस्करायचे. बारीक कांदा, हिरवी मिरची, सांबार म्हणजे आमची कोथिंबीर, मीठ, वर लिंबू. सकाळच्या थंड भाताबरोबर ते छान लागायचं, आणि दुपारी प्रॅक्टिकलला झोपही येत नसे. पोट हलकं राहायचं. गॅस पेटतच नव्हता, म्हणजे नियमही मोडत नव्हता.

एक दिवस दार उघडं राहिलं. काकू दारात आली आणि बघतच राहिली. समोर बंद गॅस, चिरलेला कांदा आणि ताटात गुलाबी मासोळी.

"काऊन वो, शिजवली नाई?"

"शिजवायची गरज नाही काकू. अशीच खातात."

"कच्ची?"

मी समजावून सांगू लागले, पण तोवर ताट तिच्या हातात होतं. ती खाली गेली आणि सगळं गल्लीतल्या कुत्र्यापुढं ओतलं. कुत्र्यानं भातासकट सगळं चाटून पुसून खाल्लं. काकू कमरेवर हात ठेवून त्याला काही होतं का ते पाहत उभी राहिली. कुत्रं शेपूट हलवत आणखी मागू लागलं.

"पाहा," मी वरून ओरडले, "काही झालं त्याला?"

"कुत्र्याचं पोट अलग राहाते!" ती म्हणाली, आणि तिनं खरंच फोन लावला. "भाऊ, तुमची पोरगी कच्ची मासोळी खाऊन राहिली. उद्या काही झालं तं मी जबाबदार नाई. घेऊन जा."

दुसऱ्या दिवशी बाबा आले. हातात रिकामी मोठी थैली होती. ती माझ्या सामानासाठी होती. अंगणात दोघांच्या समोर मी एक डबा उघडला. झाकण वाकडं निघालं.

"बाबा, कारखान्यातच शिजवून भरतात ही."

बाबांनी एक तुकडा उचलला. खाल्ला नाही. आधी त्यातला मधला काटा काढून बोटात दाबला. काट्याचं पीठ झालं. मग त्यांनी तुकडा तोंडात टाकला आणि सावकाश चावला.

"शिजेल हाये ताई," ते म्हणाले. "कच्च्या मासोळीचा काटा असा फुटत नाई."

काकू हरली नाही. "शिजेल हाये तं चूल कुठं हाये? कोणं शिजवली, त्याचं तोंड पाह्यलं काय तुमी?"

काकूनं मग निकाल दिला. "परीक्षेपर्यंत राहू द्या. मंग मले खोली खाली पायजे. हे पोट्टी माझ्यानं सांभाळनं होत नाई."

माझ्या डोळ्यांपुढं चिचगडचं घर आलं. बाबांनी थैलीची घडी घातली, पुन्हा एक घडी घातली, आणि काखेत धरली.

"बरं," ते मला म्हणाले. "मंग दुसरी खोली पाहू."

परीक्षा झाली, मी खोली सोडली. सामान उतरवताना काकू आतच होती. मी "येते" म्हटलं. आतून भांड्यांचा आवाज तेवढा आला.

यंदा ती मला गोंदियाच्या बाजारात दिसली, मासोळीवालीपुढं उकिडवी बसलेली. तिनं मला पाहिलं आणि लगेच मान फिरवली. मासोळीवालीला मात्र मला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाली, "डोळे दाखव वो मासोळीचे. आजकालच्या पोट्ट्यायले बिनडोळ्याची चालते."

मला राग आला. तेवढ्यात माझ्या खांद्यावरच्या कॉलेजच्या बॅगेवर तिची नजर गेली. वह्या कोंबून बॅग फुगलेली होती. तिनं ती वरपासून खालपर्यंत पाहिली. मी हाक मारली नाही.

मासोळीची पिशवी लुगड्याला लागू नये म्हणून अंगापासून लांब धरून ती उठली, आणि गर्दीतून लोकांना कोपरानं ढकलत निघून गेली.