पैठणीचा खरा हिरवा

आमच्या थोरल्या साडूंइतका टीव्हीकडे टक लावून बघणारा आणि टीव्हीवर काय चाललंय याचा पत्ता नसणारा माणूस अख्ख्या मराठवाड्यात शोधून सापडायचा नाही. बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान म्हणून ते माझे साडू. मी त्यांना अण्णा म्हणतो आणि ते मला, लग्नाला इतकी वर्षं होऊनही, 'पाहुणं' म्हणतात. मूळचे फुलंब्रीकडचे. शेती भावाकडे सोपवून सरकारी मोजणी खात्यात नोकरी केली, निवृत्त होऊन शहरात, पुंडलिकनगरात घर बांधलं आणि उरलेलं आयुष्य टीव्हीवरच्या चित्राला वाहिलं. सिनेमाला नव्हे, बातम्यांना नव्हे, क्रिकेटला तर नव्हेच. चित्राला. एकदा आम्ही दोघं एक रहस्यपट बघत बसलो होतो. ऐन शेवटी मला फोन आला म्हणून बाहेर गेलो आणि परत येऊन विचारलं, "अण्णा, खून कोणी केला मग?" ते म्हणाले, "ते काय ध्यानात नाय आलं, पाहुणं. पण त्या वकिलाचा कोट काय काळा उतरला होता! लई दिवसांनी असा काळा बघितला."

दुसऱ्याच्या घरी गेले की चहा येण्याआधी त्यांचा हात रिमोटकडे जातो. लोकांचे टीव्ही भडक असतात आणि त्यात चांगल्या माणसांचे चेहरे हळद लागल्यासारखे दिसतात, याचा त्यांना मनापासून त्रास होतो. पुतण्यासाठी आम्ही सिल्लोडला मुलगी बघायला गेलो होतो. मुलगी पोह्यांच्या बशा घेऊन आली, सगळे तिच्याकडे बघत होते आणि अण्णा तिच्या मागच्या भिंतीवरच्या टीव्हीकडे. तिचे वडील बिचारे घाबरले. अण्णांच्या कपाळावरची आठी काही केल्या जाईना. परतताना गाडीत पुतण्याने लाजत विचारलं, "काका, कशी वाटली?" अण्णा म्हणाले, "पोरगी चांगलीच हाय रे. पण त्यांच्या टीव्हीत लाल लई सांडतोय, ते काय बरं नाय." लग्न ठरलं. बैठकीच्या दिवशी सुपारी फुटायच्या आधी अण्णांनी उठून तो लाल कमी केला आणि मगच मांडी घालून बसले.

अशा माणसाला निकाल देणारं कुणीतरी लागतं. ते काम आक्कांचं, म्हणजे त्यांच्या पत्नीचं. अण्णांच्या चष्म्याच्या काचा जाड, त्यामुळे स्वतःच्या नजरेवर त्यांचा काडीचा भरवसा नाही. आक्कांच्या नजरेपुढे मात्र ते हात टेकतात. गल्लीच्या टोकाला वळलेला माणूस नुसत्या चालीवरून ओळखावा तो आक्कांनीच, आणि तांदळातला खडा उभ्याउभ्या दिसावा तोही त्यांनाच. त्याच आक्का एका संध्याकाळी लेकीच्या लग्नाची डिस्क बघताना म्हणाल्या, "आवो, जरा धुरकट दिसतंय का हो?" लेक बंगळुरूला असते, येणं फारसं होत नाही, त्यामुळे ती डिस्क त्या घरात वरचेवर लागते. बस्स. आक्कांना लेक लख्ख दिसली पाहिजे, हे अण्णांनी मनावर घेतलं.

आधी टीव्ही बदलला. मग वायरी बदलल्या. मग दोष डिस्क प्लेअरचाच, असं ठरलं. जावई फोनवर म्हणाले, "डिस्कचं राहू द्या, मी सगळं इंटरनेटवर टाकून देतो." जावयाला रागावता येत नाही म्हणून अण्णांनी फोन माझ्या हातात दिला आणि मला रागावले. इंटरनेटवरून येणारं चित्र बोचक्यात कोंबून आणल्यासारखं येतं आणि त्याला सुरकुत्या पडतात, असं त्यांचं ठाम मत आहे. मग बाजारात पैठण गेटपासून टिळक पथापर्यंत एक दुकान त्यांनी सोडलं नाही. आजकाल डिस्क प्लेअर मागणारं गिऱ्हाईक आलं की दुकानदार आधी त्याला बसायला सांगून पाणी देतात. शोधून शोधून एखादा खोका माळ्यावरून काढतात, धूळ झटकतात आणि पडद्यावर पोपट नाहीतर धबधबा लावतात. अण्णांना ते चालत नाही. "त्या पोपटाला जवळून बघितलंय कुणी?" असं म्हणून ते एका पिशवीतून लेकीच्या लग्नाची डिस्क काढतात आणि दुसऱ्या पिशवीतून आक्कांनी त्या लग्नात नेसलेली हिरवी पैठणी. ती काउंटरवर पसरायची, पडद्यावरच्या पैठणीशी ताडून बघायची आणि स्टुलावर बसलेल्या आक्कांना विचारायचं, "जमला का हिरवा?" एका दुकानदाराला वाटलं, हे साडी विकायला आलेत. "चचा, साडी का काम पीछे की गली में होता," तो म्हणाला, "और डिस्क अब कौन देखता? मोबाइल से लगा लो ना सीधा." अण्णा म्हणाले, "मोबाइल तू लगा. मेरेकू हरा होना."

आक्का प्रत्येक वेळी डोळे बारीक करून बघायच्या आणि म्हणायच्या, "अजून थोडं पाहिजे." दुसरा कुणी वैतागला असता. अण्णा खूश व्हायचे. "बघितलं का, पाहुणं? आपल्याला चाललं असतं, पण हिला नाय चालत!" घरात प्लेअरांची चळत लागली. तिच्यावर टेबलक्लॉथ टाकून आक्कांनी फुलदाणी ठेवली.

शेवटी अण्णांनी मुंबईहून एक प्लेअर मागवला. असा जड, की आत काय आहे म्हणून रिक्षावाल्यानेही विचारलं. रविवारी दुपारी मला आणि माझ्या बायकोला पुरणपोळीचं जेवण घालून त्यांनी पडदे ओढले आणि हात धुऊन, पुसून डिस्क आत घातली. मला चित्रातलं काही कळत नाही, पण त्या दिवशी मलाही कळलं. पैठणीच्या काठाचा धागा न् धागा दिसत होता. कन्यादानाला खाली मान घालून बसलेल्या लेकीच्या पापणीवर अक्षतांचा एक दाणा अडकला होता, तोसुद्धा. "आता सांग," अण्णा म्हणाले.

आक्का खुर्ची पुढे ओढून बसल्या. मग हळूच म्हणाल्या, "चांगलं हाय की. पण धुरकटच हाय. कडंकडंनं तर कायच येत नाय."

अण्णा तत्काळ उठले. "वायर बदलतो." माझी बायको मात्र टीव्हीकडे नाही, बहिणीकडे बघत होती. पाण्याचा तांब्या आक्कांच्या उजव्या हाताशी होता आणि त्या तो चाचपून शोधत होत्या. "आक्का," ती म्हणाली, "तिच्या पापणीवरचा दाणा दिसतो का गं तुला?"

"कसला दाणा?" आक्कांनी विचारलं आणि पदराचं टोक हातात घेतलं. "मला अंदाज होता गं. आईचं असंच झालतं. म्हणलं, मशीनचा दोष निघाला तर बरं. हे एवढ्या हौसेनं एकेक आणत होते, म्हणलं, एखांद्यात तरी निघंल."

अण्णांच्या हातात वायर तशीच होती. "मला सांगायचं नाय व्हय?" एवढंच ते म्हणाले. मला त्यांच्याकडे बघवेना.

काचबिंदू निघाला. गेलेली नजर परत येत नाही, उरलेली औषधाने सांभाळायची, असं डॉक्टरांनी समजावून सांगितलं. अण्णांनी सगळं ऐकून घेतलं आणि दुकानदारांना विचारायचे त्याच आवाजात विचारलं, "याच्यापेक्षा वरचं कायतरी असंल की, साहेब?" डॉक्टरांनी नकारार्थी मान हलवली.

आता त्यांच्या घरी गेलं की टीव्ही दारातूनच डोळ्यांत घुसतो. उजेड पार टोकाला नेलेला, लाल अंगावर येणारा, आणि हिरवा तर कुठल्याच पैठणीत नसेल असा. असं ठेवलं की आक्कांना जरा जास्त कळतं, हे त्यांनी रोज थोडं थोडं करून शोधून काढलं. मागच्या आठवड्यात गेलो तेव्हा लग्नाची डिस्क चालू होती. अण्णा टीव्हीशेजारी रिमोट घेऊन उभे होते, पडद्याकडे पाठ करून, आक्कांच्या तोंडाकडे बघत.

"आता?"

"दिसती की," आक्का म्हणाल्या.

"आन् पापणीवरचा दाणा?"

आक्कांनी डोळे बारीक केले. "तो बी दिसतोय."

अण्णांचा चेहरा असा उजळला, की त्यांच्या मागच्या पडद्यावरची माझी नजर मी पटकन काढून घेतली. कन्यादान केव्हाच संपलं होतं. तिथं आता जेवणाची पंगत बसली होती.