जलाशयातला झेंडू

आमचा फ्लॅटमेट उद्धव धरणाकाठच्या गावचा. तिथे देवाचं निर्माल्य धरणात सोडतात, म्हणून सिंगापुरातल्या आमच्या सेंगकांगच्या फ्लॅटमधलं निर्माल्य त्याने जलाशयावर कयाकिंगला जाताना सोबत घेतलं. मधोमध पोचल्यावर गुपचूप पिशवी रिकामी केली. झेंडू काही बुडेनात.

"हे प्यायचं पाणी आहे, उद्धवराव," मी मागून वल्हं मारत म्हणालो. "पकडलं तर दंड. आणि तुमचा इथल्या नोकरीचा एम्प्लॉयमेंट पास रिन्यूअलला गेलाय ना?"

त्याचा चेहरा पांढरा पडला. भराभर फुलं वेचू लागला. तेवढ्यात कयाकिंग क्लबच्या इन्स्ट्रक्टरची बोट आली. हा दुसऱ्यांचा कचरा उचलतोय असं वाटून त्याने कौतुकाने फोटो काढला आणि क्लबच्या पेजवर टाकला.

आता उद्धव तो फोटो सारखा मोठा करून विचारतो, "झेंडूशेजारी माझ्या कपाळावरचं गंध दिसतंय का रे? फुलं माझीच हे कुणी ओळखेल का?"

"गंध कुठलं? घामच दिसतोय."