माहीत आहे, पण सांगणार नाही

नोकरीतली बरीच प्रकरणं आता एकमेकांत मिसळून गेली आहेत. कोणता आरोपी कोणत्या ठाण्यातला, हे आठवायला वेळ लागतो. हे एक प्रकरण मात्र डोक्यात वेगळं राहिलं आहे. त्यात ना चोरी होती, ना खून. एका बाईने माझ्या तोंडावर सांगितलं होतं की मला माहीत आहे, पण मी सांगणार नाही.

तेव्हा मी बेंगळुरूच्या पूर्व भागातल्या एका ठाण्याचा इन्स्पेक्टर होतो. आमचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या याच शहरातलं. घरात मराठी, बाहेर कन्नड. व्हाइटफील्डला आयटीतल्या नोकऱ्यांमुळे पुण्या-नागपूरकडची माणसं राहायला येऊ लागली, तशी माझ्या मराठीला ठाण्यातही कामं मिळू लागली.

एका दुपारी असाच एक तरुण धावतपळत आला. मूळ नागपूरचा, मोठ्या कंपनीत हुद्द्यावर. त्याची आई घरातून नाहीशी झाली होती. वय सत्तरीच्या पुढचं, मधुमेह, मोबाइल घरातच. स्वयंपाकवाली ओट्याशी असताना आजी पिशवी घेऊन बाहेर पडल्या, एवढंच कळत होतं.

"सर, तिचं इन्सुलिनचं पेन फ्रिजमध्येच आहे," तो म्हणाला. "रात्रीचा डोस चुकला तर? एकदा असंच झालं होतं, ॲडमिट करावं लागलं होतं."

आम्ही मिसिंगची तक्रार नोंदवली, फोटो कंट्रोल रूमला पाठवला आणि माझ्या पीएसआयला सोसायटीचे कॅमेरे बघायला धाडलं. कॅमेऱ्यात आजी शांतपणे गेटबाहेर चालत जाताना दिसल्या. मागे वळून बघत नव्हत्या, गोंधळलेल्याही वाटत नव्हत्या. वाट चुकलेलं म्हातारं माणूस असं चालत नाही. या बाईंना कुठे जायचंय ते ठाऊक होतं, हे मी तिथेच ओळखलं.

खबर दिली ती कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याने. आजी वळणापलीकडे एका गाडीत बसल्या होत्या आणि गाडी त्याच्या ओळखीची होती. आजींच्या समोरच्या फ्लॅटमधल्या मॅडमची.

या मॅडम एका कॉलेजात नीतिशास्त्र शिकवायच्या. पुण्याच्या, पन्नाशीच्या आसपास, एकट्या राहणाऱ्या. जबाबासाठी बाईमाणसाला ठाण्यात बोलवायचं नसतं, म्हणून महिला कॉन्स्टेबलला घेऊन आम्हीच त्यांच्या घरी गेलो. त्यांनी दार उघडलं, आम्हाला बसवलं आणि मी विचारायच्या आधीच बोलून टाकलं.

"आजींना मीच गाडीने नेऊन सोडलं. त्या स्वतःच्या इच्छेने गेल्या. कुठे आहेत ते मला माहीत आहे, पण मी सांगणार नाही. तसा शब्द दिलाय त्यांना."

पीएसआय माझ्याकडे बघून कन्नडमध्ये म्हणाला, "सर, अपहरण लावू या का? आपोआप बोलतील."

मी त्याला हाताने थांबवलं. खोटं बोलणाऱ्या माणसाला दम देऊन उपयोग होतो, कारण तो आधीच घाबरलेला असतो. या बाई खोटं बोलतच नव्हत्या. त्यांना दम दिला असता तर त्या आणखी ताठ झाल्या असत्या आणि आमचा वेळ गेला असता.

"का गेल्या त्या?" मी विचारलं.

"मुलगा त्यांना दिवसभर कोंडून ठेवायचा. लॉक त्याच्या फोनवरून चालतं, स्वयंपाकवाली येते तेवढाच वेळ उघडं असतं. त्यांना सांगितलं होतं की दार बिघडलंय, माणूस मिळत नाही दुरुस्तीला. एक दिवस दाराआडून मला म्हणाल्या, तुझ्या ओळखीचा सुतार असेल तर बघ ना. मी लॉक पाहिलं. त्याला काहीही झालेलं नव्हतं. तसं सांगितलं त्यांना."

कोंडून ठेवल्याचं मुलगा आम्हाला बोलला नव्हता.

"ठीक आहे," मी म्हटलं. "पण तुम्ही पोलिसांपासून माहिती लपवताय. हे बरोबर कसं?"

"माणसाच्या आयुष्याचा निर्णय त्याचा त्याने घ्यायचा. दुसऱ्याने त्यात हात घालायचा नाही. माझं हे तत्त्व आहे, आणि ते सोयीनुसार बदलत नाही."

"मॅडम, तुम्ही हे मुलांना शिकवता. एखादं तत्त्व खरं की खोटं, हे कसं तपासायचं ते सांगा मला. आमच्याकडे पुरावा असतो. तुमच्याकडे काय असतं?"

त्यांना वाटलं मी चेष्टा करतोय. मग माझा चेहरा बघून त्या नीट बोलू लागल्या. "पहिलं म्हणजे ते स्वतःशीच भांडता कामा नये. एकाला एक आणि दुसऱ्याला दुसरं, असंही चालत नाही. जे आपल्या सगळ्यांना निःशंकपणे वाईट वाटतं, तेच त्या तत्त्वानुसार चांगलं ठरायला लागलं, तर तत्त्व पुन्हा तपासायचं. आणि अडचणीच्या वेळी त्याने काहीतरी वाट दाखवली पाहिजे. नाहीतर ते नुसतं भिंतीवर लावायचं वाक्य."

"मग तपासू या," मी म्हटलं. "आजींचं इन्सुलिन घरी राहिलंय. हे माहीत होतं तुम्हाला?"

त्यांच्या चेहऱ्यावरूनच उत्तर कळलं.

"त्या म्हणाल्या, औषधं घेतलीत सगळी," त्या हळू आवाजात म्हणाल्या.

"गोळ्या घेतल्या असतील. पेन फ्रिजच्या दारात आहे. तुमचं सगळं तत्त्व त्यांच्या इच्छेवर उभं आहे ना? मग घर सोडणं ही त्यांची इच्छा होती, हे मान्य. इन्सुलिन विसरणं ही त्यांची इच्छा होती का?"

बाई उठून खिडकीशी गेल्या. खाली ऑफिसच्या कॅब रांगेने परतायला लागल्या होत्या. कॉन्स्टेबल काही बोलणार होती, मी तिला खुणेने गप्प केलं. चौकशीत एक वेळ अशी येते की तिथे अधिकाऱ्याने बोललेला प्रत्येक शब्द समोरच्याला अडून बसायला नवं कारण देतो.

"पत्ता मी अजूनही सांगणार नाही," त्या वळून म्हणाल्या. "पण फोन लावते. त्यांनाच विचारा."

मला राग आला, हे लपवत नाही. पण त्यात मला चूक काढता येईना. आजी जिथे होत्या तिथल्या नंबरावर त्यांनी फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. पलीकडून आजींचा आवाज आला. बाईंनी इन्सुलिनचं सांगताच त्या ओरडल्याच, "अरे बाप्पा! ते तर फ्रिजातच राहून गेलं ना! गडबडीत ध्यानातच नाही आलं."

"आजी, मी पोलीस इन्स्पेक्टर बोलतोय. पेन घेऊन येऊ का?"

त्यांनी पलीकडे कुणाला तरी विचारलं. मग, "या जी. पण पोराला आणू नका आज. माझं डोकं ठिकाणावर येऊ द्या."

पत्ता आजींनीच सांगितला. समोरच्या घरातून पेन घेऊन, ते बर्फाच्या पिशवीत ठेवून आम्ही निघालो. व्हाइटफील्डहून पार दक्षिणेकडच्या बसवनगुडीपर्यंतची संध्याकाळची गर्दी कशी असते हे इथल्यांना सांगायला नको. आजी तिथल्या एका जुन्या मराठी घरात, मराठी मंडळाच्या हळदीकुंकवात ओळख झालेल्या मैत्रिणीकडे थांबल्या होत्या. दार मैत्रिणीनेच उघडलं आणि उंबऱ्यातच मला अडवलं.

"अण्णा, आमची अक्का काय चोर नाही हां. आत या, स्वल्प कॉफी घ्या, मग काय ते विचारा."

आजींनी आधी साखर तपासली, मग स्वतःच्या हाताने इन्सुलिन घेतलं. हात स्थिर होता. मी त्यांना वार, गाव, मुलाचं काम, घरचा पत्ता असं इकडचं तिकडचं विचारलं. उत्तरं स्वच्छ होती. मग जबाब घेतला.

"गॅस माझ्याच्यानं सुरू राहिला होता, हे खरं आहे," त्या म्हणाल्या. "एकदा वाटही चुकले. पोरगा खोटं नाही सांगत."

"मग राग कशाचा?"

"त्यानं म्हणायचं होतं ना, आई, मला भीती वाटते, मी तुला कोंडून ठेवतो. मी भांडले असते, रडले असते. कदाचित ऐकलंही असतं. पण दार बिघडलं म्हणून सांगायचं? मी रोज त्या दाराशी खटपट करायची आणि यानं तिकडून फोनात बघायचं?"

कोंडून ठेवणं हा गुन्हा आहे, तक्रार देता येईल, हे मी त्यांना समजावून सांगितलं. त्यांनी मान हलवली. "पोलिसात नाही द्यायचं मला त्याला. फक्त इथला पत्ता त्याला आत्ता देऊ नका."

सज्ञान माणूस स्वतःच्या मर्जीने राहत असेल तर तक्रारदाराला 'सुखरूप आहे' एवढं कळवायचं, पत्ता संमतीशिवाय द्यायचा नाही. हा नियम मी आधीही पाळला होता. पण त्या दिवशी ठाण्यात परतताना जाणवलं की आता त्या मॅडमच्या जागी मी उभा राहणार आहे.

मुलगा वाटच बघत होता. आई सापडली, इन्सुलिन घेतलं, हे ऐकून तो मटकन खुर्चीत बसला. मग म्हणाला, "कुठे आहे ती?"

"माहीत आहे. पण सांगणार नाही."

तो भडकला. वरिष्ठांकडे जाण्याची भाषा केली. मी त्याला पाणी दिलं आणि दाराचा विषय काढला.

"मी तिच्या भल्यासाठीच केलं," तो म्हणाला. "मीटिंगमध्ये असतानाही फोनवर कॅमेरा बघायचो, ती ठीक आहे ना म्हणून. भीती काय असते ते तुम्हाला नाही कळणार, सर."

"भीती खरी आहे. मी ती खोटी म्हणत नाही. पण भल्यासाठी होतं, तर आईला तसं का नाही सांगितलं?"

"सांगितलं असतं तर तिने ऐकलंच नसतं."

"म्हणजे तिचं उत्तर तुम्हाला ठाऊक होतं," मी म्हटलं.

तो बराच वेळ रडला. त्याला मी वाईट माणूस समजलो नाही, आजही समजत नाही. पण पत्ता दिला नाही.

पुढच्या आठवड्यात आजींनीच त्याला बोलावून घेतलं. त्या मुलाकडे परत गेल्या, पण अटी घालून. दिवसा सोबतीला एक बाई ठेवली, गॅस आपोआप बंद होणारा बसवला आणि महिन्यातून काही दिवस बसवनगुडीत राहायचं ठरलं. वाट चुकू नये म्हणून पत्त्याचं लॉकेट गळ्यात घालायला मात्र त्या तयार झाल्या. मुलाने त्यासाठी त्यांची समजूत घातली, आणि या वेळी खरं कारण सांगून घातली.

मॅडम पुढे एकदा भेटल्या तेव्हा हसून म्हणाल्या, "आता कुणाला शब्द देताना आधीच सांगते, की जिवाशी गाठ आली तर मी गप्प बसणार नाही."

नीतीचे सिद्धांत मी वाचलेले नाहीत. पण वर्दीत असताना, आपण योग्यच केलं असं म्हणणारी माणसं मी पुष्कळ ऐकली. चोरालाही तत्त्व असतं आणि ते बहुतेक वेळा ऐकायला चांगलंच असतं. तेव्हा नुसतं तत्त्व ऐकून मी कधी मत बनवलं नाही. ज्या माणसावर ते लागू केलं, त्याच्यासमोर ते बोलून दाखवता येतं का, हे मी पाहत आलो. बहुतेकांची अडचण तिथेच होते. पण तेवढ्यानेही भागत नाही, कारण निर्लज्ज माणूस समोरासमोरही बोलतो. म्हणून आणखी एक पाहायचं: नवी माहिती समोर आली, की हा माणूस तत्त्व पुन्हा हातात घेऊन तपासतो, की तेच जोरात म्हणत राहतो?

त्या बाई खिडकीशी उभ्या राहिल्या तेव्हा त्या आपलं तत्त्व पुन्हा तपासत होत्या. त्यांनी तत्त्व सोडलं नाही आणि आजींना संकटातही सोडलं नाही. तिसरी वाट काढली, जी मला सुचली नव्हती. इतक्या वर्षांत मी अनेक जबाब घेतले. त्यातला 'सांगणार नाही' असं म्हणणारा हा एकच जबाब मला पूर्ण खरा वाटला.