अक्कांचं भगुनं

माझ्या हातून ते चुकून झालं असं नाही. भगुनं कुणाचं हे मला पक्कं ठाऊक होतं, आणि तरीही मी त्यात मटणाचे सॉसेज शिजवले.

शेजारच्या अक्का लिंगायत. गळ्यात लिंग, पूजेआधी पाण्याचा घोटसुद्धा नाही, आणि मांस शिजलेल्या भांड्यातलं अन्न त्यांनी जन्मात तोंडाला लावलेलं नाही. आमच्याकडंही मटणाचं पातेलं वेगळं, न्हाणीजवळ पालथं घातलेलं, चूलही अंगणात. पण तेव्हा बायको माहेरी गेलेली, त्या पातेल्याला भोक पडलेलं, आणि ओट्यावर अक्कांचं जाड बुडाचं भगुनं. आदल्या दिवशी त्यांनी त्यातून गव्हाची हुग्गी पाठवली होती, गूळ-खोबरं घालून केलेली खीर.

लेक पुण्याहून सॉसेज घेऊन आली होती. तरुणपणी मी पुण्यातल्या एका खाणावळीत खाल्लेल्या सॉसेज-पत्ताकोबीच्या रश्श्याचं वर्णन तिनं लहानपणापासून ऐकलेलं.

"बाबा, आज करूनच दाखवा." मग भगुन्याकडं बघून म्हणाली, "पण हे अक्कांचं ना?"

"राखेनं घासून देतो. तू बोलू नको कुठं."

कांदा परतला, सॉसेजच्या चकत्या कडेनं लाल झाल्या. बटाटे, मिरी, पाणी, आणि वर ढीगभर चिरलेली पत्ताकोबी. झाकणाखाली ती हळूहळू खाली बसत गेली. थंडीतली दुपार होती. मी बाजेवर पडलो होतो. नळदुर्गच्या रस्त्यावरचे ट्रक पाण्याखालून गेल्यासारखे ऐकू येत होते. मिरीची वाफ तोंडावरून गेली आणि अंगण, भिंत, लिंबाचं झाड सगळं सैल झालं. मी वीस वर्षांचा होऊन त्या खाणावळीच्या बाकड्यावर बसलो होतो, समोर वाफाळतं ताट. लेकीनं हाक मारली तेव्हा कुठल्या गावात आहे हे क्षणभर कळेना. ज्वारीच्या भाकरीशी आम्ही सगळं संपवलं.

भगुनं तीनदा घासलं. भांडं रिकामं परत करत नाहीत, म्हणून आत गुळाचा खडा ठेवून दिलं. अक्का मला तम्मा म्हणतात, म्हणजे धाकटा भाऊ. "तम्मा, लई लख्ख घासलास की! बायकोला आता माहेरीच राहू दे," म्हणून हसल्या. मीही हसलो.

त्यानंतर दोन वर्षं त्याच भगुन्यातून हुग्गी येत राहिली. मला ती गिळवेना. डॉक्टरांनी गोड बंद केलंय, असं सांगायचो.

परवा अक्का भगुनं घेऊन स्वतः दारात आल्या. "डॉक्टरनं गोड बंद केलंय व्हय? मग काल चौकात जिलेबी कोण हाणत होतं? माझ्याच हातात काय विष हाय का?"

मी सगळं सांगितलं. त्यांनी भगुनं उंबऱ्याबाहेर ठेवलं. हात गळ्यातल्या लिंगाकडं गेला.

"मी ह्याच्यातूनच देवाला निवद दाखवला की रे," त्या म्हणाल्या. "त्याच दिवशी का सांगितलं न्हाईस?"

"तुम्ही बोलायच्या बंद व्हाल म्हणून भ्यालो," मी म्हणालो. "शिजवलं ते चुकलंच. पण तुम्ही हसलात तेव्हा मीही हसलो, आणि दोन वर्षं तुम्हाला त्यात रांधू दिलं, हे त्याहून वाईट केलं. अक्का, मला माफ करा."