जाळी गोल ओढायची असते

खेळाडू : स्त्री. वय : एकोणीस वर्षे चार महिने. दर्जा : व्यावसायिक. जागतिक क्रमांक : निरंक. पूर्वीचा दर्जा : ज्युनिअर, देशात चौथी (ग्राह्य नाही). सोबत प्रशिक्षक : एक, पुरुष, पासधारक.

‘ग्राह्य नाही’ हे शब्द स्पर्धेच्या कचेरीतल्या कारकुनाने आपल्या हाताने लिहिले. त्याचं काही चुकलं नव्हतं. ज्युनिअरचे गुण मोठ्यांच्या स्पर्धेत गेल्या वर्षीच्या कॅलेंडरइतकेच उपयोगी पडतात. चित्र चांगलं असेल तर भिंतीवर राहू द्यावं.

क्लबात तिला सगळे खराटा म्हणत. एक तर अंगकाठी तशी, आणि दुसरं म्हणजे सहाव्या वर्षापासून ती हातात खराटा घेऊन कोर्टच्या रेघा झाडत आलेली. वडील त्या क्लबचे कोर्टवाले. मातीची चार कोर्टं, एक रोलर, पाण्याचा पाइप आणि माती सारखी करायची रुंद जाळी, एवढा त्यांचा संसार. तिचे करंडक रोलरच्या खोलीत फळीवर होते. त्यांत चुन्याचे ब्रश छान उभे राहत.

ज्युनिअरचं वय संपलं तेव्हा वर्षभराची मुदत तिनेच मागून घेतली होती. तेवढ्यात मोठ्यांच्या स्पर्धेत जागतिक क्रमांकाचा एक गुण मिळवीन, नाहीतर सेक्रेटरीसाहेब म्हणतात तशी क्लबात लहान मुलांना शिकवायला लागेन. सेक्रेटरीसाहेब भला माणूस. ती हरून आली की पाठीवर हात ठेवून सांगत, “शिट्टी आणून ठेवलीय हं.” वर्षात ती अकरा स्पर्धांना गेली आणि अकराही ठिकाणी पात्रता फेरीतच गाशा गुंडाळून परतली. शिट्टी कचेरीतल्या खिळ्यावर लटकत होती. येता-जाता दिसेल अशी.

ही बारावी स्पर्धा, आणि मुदतीतली शेवटची. पात्रता फेरी या खेपेला पार पडली होती. आता पहिल्या फेरीत जिंकली तर गुण. हरली तर शिट्टी.

समोरची पोरगी उंचीला ताड. चेंडू खांद्याच्या वर उसळला की ती तो असा खाली आपटायची, की खराट्याने पहिला सेट घेतला यावर दुसरा सेट बघणाऱ्याचा विश्वास बसला नसता. दुसरा सहा-एक असा हातचा गेला. मधे दोन मिनिटांची विश्रांती होती. ताडमाड पोरीने खुर्चीत बसून डोक्यावर टॉवेल घेतला. व्यावसायिक खेळाडूने नेमकं हेच करायचं असतं.

तेवढ्यात स्पर्धेचा माणूस जाळी घेऊन कोर्टवर आला आणि ती सरळ ओढू लागला. या टोकापासून त्या टोकापर्यंत, नांगर धरल्यासारखी. खराट्याने पाण्याचा एक घोट घेतला, दुसरा घेतला, आणि उठली.

“ताई, तुम्ही बसा. हे माझं काम आहे.”

“मग नीट करा की. गोल ओढायची असते, बाहेरून आत. अशी ओढलीत तर उद्या सगळी माती कुंपणाशी.”

आणि जाळीची दोरी तिने त्याच्या हातातून काढून घेतली. प्रेक्षकांत तिसऱ्या रांगेत वडील बसले होते. त्यांनी गळ्यातला, ‘प्रशिक्षक’ लिहिलेला पास तोंडासमोर धरला.

पलीकडच्या टोकाला, डाव्या कोपऱ्यात, तिच्या हाताला जाळी एकदम जड लागली. जाळी जड लागली की माती पाणी प्यालेली असते, हे तिला पाढ्यांच्याही आधी शिकवलेलं. कुंपणापलीकडे नळ होता. ती तिथेच थबकली, आणि पंचांनी वेळ पुकारली. तिची खुर्ची दुसऱ्या टोकाला. ती धावत येऊन रॅकेट घेईपर्यंत पंचांनी तिला ताकीद देऊन टाकली : वेळेचा भंग, पहिला. व्यावसायिक टेनिसच्या इतिहासात झाडलोट केल्याबद्दलचा दंड याआधी कोणाला झाला असल्यास नोंद सापडत नाही.

तिसऱ्या सेटमध्ये बाजू बदलत राहिल्या. ताडमाड पोरगी त्या टोकाला गेली की खराटा चेंडू कापून, मुकाट्याने, त्याच कोपऱ्यात टाकायची. तिथे चेंडू उसळतच नव्हता. घोट्याएवढा उठून बसायचा. स्वतः त्या टोकाला असली की खराटा आधीच गुडघ्यात वाकून उभी राहायची. उंच पोरीने दोनदा रॅकेटकडे पाहिलं, एकदा आकाशाकडे. जमिनीकडे पाहायचं तिला सुचलं नाही.

पाच-चार, चाळीस-तीस. एक चेंडू जिंकला की गुण. सर्व्हिस खराट्याची, आणि समोर तोच कोपरा. पायाखालच्या रेघेवर माती आली होती. ती बुटाने पुसू लागली. अर्धवट पुसून सोडणं तिला जमणारं नव्हतं.

“वेळेचा भंग, दुसरा. पहिली सर्व्हिस बाद.”

वडिलांनी पास पुन्हा वर उचलला, मग काय वाटलं कोण जाणे, खाली ठेवला. उरलेली चार बोटं रेघ खराट्याने पुसून पुरी केली, तीही घाई न करता, कारण पहिली सर्व्हिस जायची ती गेलीच होती. आणि हातात राहिलेली एकुलती एक सर्व्हिस तिने जपून आत टाकली. उंच पोरीने ती दणकावून परत धाडली. खराटा कशीबशी पोचली, चेंडू कापला, कोपऱ्यात टाकला. तो उठला नाही. उंच पोरीचा फटका नेटमध्ये गेला.

बाहेर एका वार्ताहराने प्रशिक्षकांना डावपेच विचारले. ते म्हणाले, “त्या कोपऱ्यातला नळ गळतोय. वायसर बदलायला सांगा.”

दुसऱ्या फेरीत ती पन्नास मिनिटांत हरली. गुण मात्र राहिला. पुढे यादी लागली तेव्हा निरंकच्या जागी चार आकडे आले, आणि सेक्रेटरीसाहेबांनी खिळ्यावरची शिट्टी ड्रॉवरमध्ये ठेवली. पुढल्या स्पर्धेच्या फॉर्मवर ‘प्रशिक्षक : एक, पासधारक’ हे कारकुनाने कायम केलं.

प्रशिक्षकांनी आयुष्यात एकही चेंडू मारलेला नाही.